कामगार टिकावा, कामात त्याचं मन लागावं यासाठी सोलापुरात नेमकं काय करता येईल?

अक्कलकोट रोडकर

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी कार्मिक विभाग सांभाळतो. वार्पिंग, माग, रंगाई, शिलाई, पॅकिंग असं सगळं एकाच आवारात आहे. माल बराचसा निर्यातीचा. गेल्या दिवाळीत बोनस हातात पडला आणि त्यानंतर बरीच चांगली माणसं सोडून गेली. काही शेजारच्या शेडमध्ये, काही पुण्याला, काही हैदराबादकडे. जी राहिली त्यांचेही खाडे वाढलेत. मालकांनी मला सांगितलंय, "एंगेजमेंटचं काहीतरी बघा, वर्षाचा आराखडा द्या."

एका सल्लागारांना बोलावलं होतं. त्यांनी सुचवलं ते असं: वाढदिवसाला केक, महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो दर्शनी भिंतीवर, शनिवारी संध्याकाळी खेळ, आणि मोबाइलवर एक ॲप, ज्यात रोज हसरा किंवा रडका चेहरा दाबायचा. माझा या गोष्टींना विरोध नाही. पण यातल्या एकाही गोष्टीने मागावरच्या माणसाची पाळी बदलणार नाही, असं मला ते ऐकताना सारखं वाटत होतं.

म्हणून स्वतः वाचायला घेतलं. विल्यम कान नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचा १९९० सालचा निबंध या विषयाच्या मुळाशी आहे. उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुरचनाकारांच्या एका कार्यालयातली माणसं, अशा दोन ठिकाणी त्याने पाहिलं की माणूस कामात कधी जीव ओततो आणि कधी अंग काढून घेतो. त्याला तीन गोष्टी सापडल्या. काम करण्यात काही अर्थ आहे असं वाटलं पाहिजे. बोललो तर आपल्यावर शेकणार नाही याची खात्री हवी. आणि त्या दिवशी कामाला देण्याइतकं बळ अंगात आणि डोक्यात शिल्लक हवं.

हे तिन्ही मी आमच्या आवारात लावून पाहिलं. आमच्या मागावरच्या माणसाला आपला टॉवेल कुठल्या देशात जातो, कशासाठी वापरला जातो, परत आला तर का आला, यातलं काही माहीत नसतं. त्याला कळतो फक्त दंड. बोलण्याचं म्हणाल, तर बीम, म्हणजे मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा रूळ, खराब आलाय हे त्याला पहिल्या तासात समजतं, पण सांगितलं तर "तुलाच चालवता येत नाही" हे ऐकावं लागेल म्हणून तो गप्प बसतो. आणि बळाचं बोलायचं तर सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. ज्या घरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तिथली बाई पाण्याच्या दिवशी रात्री अडीचला उठून भांडी भरते आणि आठला पॅकिंगच्या टेबलावर उभी राहते. तिला ॲपवर चेहरा दाबायला सांगून काय मिळणार?

माझं मत असं बनलंय की माणसाला विचारायचं, त्याने सांगितलेलं कुणीतरी ठरलेल्या मुदतीत करायचं, आणि नाही जमलं तर का नाही जमलं हे त्याच्या तोंडावर सांगायचं. बाकी सगळं यानंतर. पण हे मालकांपुढे नुसतं मत म्हणून ठेवता येणार नाही. तुमच्याकडे काय केलं, काय टिकलं, काय फसलं, ते सांगा. कारखानाच हवा असं नाही. दुकान, दवाखाना, बँक, शाळा, काहीही चालेल.

---

सात रस्ता

आधी पगार वेळेवर होतो का ते बघा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलंय. माझ्या आधीच्या नोकरीत पगाराची तारीख विचारली की साहेब चिडायचे. तिथे कुणाचं मन लागणार?

---

अक्कलकोट रोडकर

आमच्याकडे सातच्या आत होतो. ओव्हरटाइमही कायद्याप्रमाणे दुप्पट दराने देतो. पण हा मुद्दा पहिलाच यायला हवा होता, तो आला हे बरं झालं.

---

धोटा

मी पूर्व भागातला. आमचा चादरीचा धंदा, वडिलांनी सुरू केलेला, आता मी आणि भाऊ बघतो. मोठा कारखाना नाही, घरामागे शेड आहे. त्यामुळे आमच्याकडे एचआर बिचआर काही नसतं ओ, पण प्रश्न तोच आहे.

आमच्यात विणकर पीस रेटवर. जेवढ्या चादरी उतरतील तेवढे पैसे. बाहेरच्याला वाटतं हे सरळ आहे, जो जास्त काम करेल त्याला जास्त मिळेल. पण आत शिरून बघा. सायझिंग, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ लावणं, नीट झालं नसेल तर ते धागे सारखे तुटतात. एक धागा तुटला की माग थांबला, गाठ मारायची, परत चालू. दिवसभर हेच. त्यात बिचाऱ्याची चूक काय? सूत आम्ही घेतलं, सायझिंग आम्ही करून आणलं, आणि नुकसान त्याचं. बीम संपला आणि नवा चढवायला उशीर झाला, तरी त्याचंच. वीज गेली, त्याचंच. मग पलीकडच्या शेडवाल्याने थोडी जास्त उचल दिली की तो का जाणार नाही?

आमच्या वडिलांची पद्धत अशी होती की उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा. बाकी फिटेपर्यंत तो हलत नाही. पण बांधलेला माणूस माग चालवतो, मागाची काळजी घेत नाही. हे मी रोज बघत होतो.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. बीमसाठी, विजेसाठी थांबावं लागलं तर थांबल्याचे पैसे. पूर्ण रेटने नाही जमत, पण त्याची मजुरी बुडू नये एवढे. आणि प्रत्येक बीमला एक पुठ्ठा बांधला. किती वेळा धागा तुटला ते विणकराने खडूने रेघ मारून लिहायचं. तो पुठ्ठा मी सायझिंगवाल्याकडे घेऊन जातो. पहिल्यांदा त्याने उडवून लावलं. तीन-चार पुठ्ठे एकदम टेबलावर ठेवल्यावर तो स्वतः शेडमध्ये आला आणि विणकराशेजारी उभा राहून बघून गेला.

त्या दिवसापासून आमच्या विणकरांचं बोलणंच बदललं. आता ते रेघेच्या बाजूला लिहितात, कुठल्या कडेला तुटतं ते. कोणी सांगितलं नव्हतं लिहायला. वर्षभरात आमच्याकडून एकच माणूस गेला, तोही मुलीकडे राहायला म्हणून.

---

हुतात्मा एक्सप्रेस

धोटादादा, हा पुठ्ठा आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात आणून दाखवावासा वाटतोय.

मी मूळचा सोलापूरचा, दर पंधरा दिवसांनी याच गाडीने घरी येतो म्हणून हे नाव. आयटीत आहे. आमच्याकडे दर वर्षी भली मोठी प्रश्नावली येते. नाव गुप्त राहील म्हणतात, पण विभाग, वय, अनुभव सगळं विचारतात, म्हणजे सहा जणांच्या टीममध्ये कोणी काय लिहिलं ते उघडच. पहिल्या वर्षी मी मनापासून लिहिलं होतं. रात्रीच्या कॉल्सबद्दल लिहिलं होतं. निकाल काय आला, आम्हाला कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी सगळीकडे "सहमत" दाबून टाकलं आणि आमच्या विभागाचे गुण वाढले म्हणून मॅनेजरचं कौतुक झालं.

गॅलप ही संस्था जगभर हे मोजते. त्यांच्या मते २०२४ साली कामात खरोखर मन असलेल्यांचं प्रमाण जगात २१ टक्के होतं, आदल्या वर्षी २३ होतं. त्यांचे बारा प्रश्न आहेत. पहिला प्रश्न, माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते मला माहीत आहे का. दुसरा, ते काम नीट करायला लागणारी साधनं माझ्याकडे आहेत का. केकचा उल्लेख बारापैकी एकातही नाही. धोटादादांचा खराब बीम मात्र दुसऱ्याच प्रश्नात येतो.

रोडकर, सर्वेक्षण करणार असाल तर एवढंच पाळा. जे करण्याची तयारी नाही ते विचारू नका. आणि निकाल आधी कामगारांना सांगा, मग मालकांना.

---

शिलाईवाली

मी गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये लाइन सुपरवायझर आहे. सुरुवात हेल्पर म्हणून केली, मग ऑपरेटर, मग इथवर आले. आमच्यात नव्वद टक्के बायका.

पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण हे कोणी कामाच्या ठिकाणी बोलतच नाही. खाडा दिसतो, त्यामागचं पाणी दिसत नाही. आमच्याकडे काय व्हायचं ते सांगते. नवीन मुली ओळखीने येतात, म्हणजे एका गल्लीतल्या चार-पाच जणी एकदम. शेजारी शेजारी बसायला त्यांना आवडतं, म्हणून एकाच लाइनीत बसवायचो. पण गल्ली एक म्हणजे पाण्याचा दिवसही एक. त्या दिवशी कॉलर लावणारीही उशिरा आणि बटनपट्टीवालीही उशिरा. अख्खी लाइन अडायची, पुढच्यांचं टार्गेट बुडायचं, आणि मग बायका एकमेकींवर चिडायच्या.

आता मी वहीत प्रत्येकीचा भाग आणि पाण्याचा दिवस लिहून ठेवते. एका लाइनीत वेगवेगळ्या भागांतल्या बायका बसवल्या. पाणी असेल त्या दिवशी तासभर उशिरा यायची मुभा, तो तास त्याच आठवड्यात भरून द्यायचा. वेळापत्रक बदललं की त्या स्वतः येऊन सांगतात, "ताई, आमचं पाणी उद्यावर गेलं." आधी ह्याच बायका न सांगता खाडा करत होत्या. मालकांना एक रुपया लागला नाही.

दुसरी गोष्ट मशीनची. नवीन मुलगी आली की सगळ्यात खराब मशीन तिला. जुन्या बाया चांगली मशीन सोडत नाहीत, साहजिक आहे. पण मग त्या पोरीचा दोरा सारखा तुटतो, टाका सुटतो, सगळ्यांसमोर बोलणी खाते आणि पगार घेऊन गायब होते. आता नवीन आली की पहिले काही दिवस मी तिला दुरुस्त केलेली मशीन देते, आणि शेजारी एक जुनी बाई शिकवायला. शिकवणाऱ्या बाईचं त्या दिवसांचं टार्गेट कमी करावं लागतं. हे मालकांना पटवायला मला वेळ लागला, पण पटलं.

आणि ओरडणं. ह्यावर मला मनापासून लिहायचंय. आमच्या धंद्यात जो चांगला शिवतो त्याला सुपरवायझर करतात. माणसांशी कसं बोलायचं हे त्याला कोणी शिकवत नाही. मग ज्याच्यावर जसं ओरडलं गेलं तसा तो ओरडतो. बाई सकाळी सातला घर आवरून, पोराचा डबा करून आलेली असते. तिला सगळ्या लाइनीसमोर "घरी झोपून आलीस का" म्हटलं की ती त्या दिवशी हात चालवते, डोकं देत नाही. टाका वाकडा जातोय हे दिसलं तरी ती थांबून सांगणार नाही. हे मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

---

पार्क चौक

शिलाईवाली ताई, वेगवेगळ्या भागांतल्या बायका एका लाइनीत बसवण्याची कल्पना फार आवडली.

एक छोटी भर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचं नियोजन आधीच करा. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या काठ्या धरणारी घराणी कारखान्यांतच काम करतात, अक्षता सोहळ्याला गाव लोटतं. हे दर वर्षी ठरलेलं असताना दर वर्षी त्याच आठवड्यात माल पाठवायची घाई का असते? डिसेंबरमध्येच पाळ्यांचं ठरवून टाका, रमजान ईदचंही तसंच. माणसाला आपला सण मालकाला ठाऊक आहे एवढं कळलं तरी पुरे होतं.

---

कामगारमित्र

चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट कोणीच बोलेना म्हणून लिहायलालोय.

कामगाराला विचारणं ही मालकाची मेहेरबानी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कामगार आणि व्यवस्थापन यांच्या बरोबरीच्या प्रतिनिधींची कार्यसमिती स्थापण्याची तरतूद होती. वीस किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समितीही पुढे आली. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३-अ हे कलम आलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. हे सगळं कागदावर आहे. सोलापुरात किती ठिकाणी अशी समिती खरोखर बसते, इतिवृत्त लिहिते, ते वाचून दाखवते? एंगेजमेंटवर सल्लागार बोलावण्याआधी ही समिती चालू करा.

दुसरं, तुमच्या आराखड्यात कंत्राटी कामगार आहेत का? एकाच टेबलावर दोघी टॉवेलच्या घड्या घालतात, एकीला बोनस, पीएफ, ईएसआय, दुसरीला ठेकेदार देईल ते. आणि मग दोघींना एकत्र बसवून संघभावनेचे खेळ घ्यायचे. याने चीड वाढते.

विड्या वळणाऱ्या बायकांचं उदाहरण घ्या. हजार विड्यांमागे मजुरी. विड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणारा छाट काढतो. किती काढायची ते त्याच्या हातात. बाईने पानं भिजवली, कापली, तंबाखू भरला, रात्रीपर्यंत बसून वळल्या, आणि समोरच्याने बघता बघता मूठभर बाजूला सारल्या. का सारल्या, विचारायची सोय नाही. जिथे आपल्या कामाची मोजणी आपल्यासमोर, आपल्याला पटेल अशी होत नाही तिथे मन लावायचं कसं?

आणि ह्याच बायका. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली ती ह्याच विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं सभा, मोर्चे आणि हप्ते सांभाळले म्हणून. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं, तीस हजारांपैकी पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली. आमचे लोक उदासीन आहेत, त्यांना काही विचारलं तर बोलत नाहीत, असं जेव्हा मालक सांगतात तेव्हा मी त्यांना कुंभारीला जाऊन या म्हणतो.

---

धोटा

कामगारमित्र, समितीचं तत्त्व मान्य. पण तुम्ही मोठ्या आवारांचं बोलायलालाव. आमच्यासारख्याकडे आठ माग. सूताचा भाव रोज बदलतो, चादर पानिपतच्या मालाशी भावात झगडते. जीआय मानांकन आहे, पण बाजारात गिऱ्हाईक सोलापुरी म्हणून काहीही घेतं. अशात समिती, इतिवृत्त कुठून आणू? मी पुठ्ठा लावला, तेवढं माझ्या हातात होतं.

---

कामगारमित्र

दादा, तुमचा पुठ्ठा हीच माझ्या दृष्टीने समिती आहे. विणकराने लिहिलं, मालक घेऊन गेला, सायझिंगवाला आला. माझा राग तुमच्यावर नाही. शंभर-दोनशे माणसं असून ज्यांच्याकडे तेवढंही होत नाही त्यांच्यावर आहे. पण एक विचारतो. थांबल्याचे पैसे तुम्ही देता, ते लिहून ठेवलेत का? उद्या भावाचं आणि तुमचं वेगळं झालं तर ते टिकेल?

---

धोटा

लिहिलेलं नाही. भिंतीवर लिहून टाकतो.

---

केगाव

मी व्यवस्थापनशास्त्र शिकवते, विद्यापीठाच्या परिसरात. वर जे अनुभव आलेत त्यांना अभ्यासाचा भक्कम आधार आहे, म्हणून थोडं लिहिते. अक्कलकोट रोडकरांना मालकांपुढे मांडायला उपयोग होईल.

युरोपातल्या अभ्यासकांनी २००१ साली एक मांडणी केली. प्रत्येक कामात दोन बाजू असतात. काम तुमच्याकडून जे ओढून घेतं ती एक, म्हणजे वेग, उष्णता, टार्गेट, बोलणी. आणि काम करायला जे बळ पुरवतं ती दुसरी, म्हणजे चांगली साधनं, वरिष्ठाची साथ, स्वतः ठरवण्याची मोकळीक, केलेल्या कामाबद्दल लगेच मिळणारी माहिती. पहिली बाजू वाढत गेली की माणूस थकतो. दुसरी नसली की तो अलिप्त होतो. बहुतेक कंपन्या पहिलीला हात न लावता दुसरीत केक आणि फोटो टाकतात. शिलाईवाली ताईंनी दोन्ही बाजूंना हात घातला, पाण्याच्या तासाने ओढ कमी केली आणि चांगल्या मशीनने बळ वाढवलं.

सुपरवायझरबद्दल त्या लिहितात ते तर सगळ्यात महत्त्वाचं. गॅलपच्या विश्लेषणात एका टीमपासून दुसऱ्या टीमपर्यंत मनोबलात जो फरक दिसतो त्यातला किमान ७० टक्के व्यवस्थापकाशी जोडलेला निघतो. हा आकडा एका खासगी सल्लागार संस्थेचा आहे, तेव्हा दगडावरची रेघ मानू नका, पण दिशा इतर अभ्यासांतही तीच दिसते. कंपनी एकच, पगार एकच, छप्पर एकच, आणि दोन लाइनींत जमीन-अस्मानाचा फरक. माझा आग्रह असा की आराखड्यातले निम्म्याहून जास्त पैसे आणि वेळ मुकादम, जॉबर, सुपरवायझर यांच्यावर घाला. त्यांना वर्गात बसवून भाषण देऊ नका. शिलाईवाली ताईंसारखी दोन-तीन माणसं तुमच्याच आवारात सापडतील, त्यांच्या शेजारी एकेक आठवडा काम करू द्या.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. कौतुकाला आपण सगळे फार लवकर निकालात काढतोय. गॅलपच्या त्याच बारा प्रश्नांत एक असा आहे की गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुमचं कौतुक झालं का. सात दिवस, वर्ष नव्हे. महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो फसतो कारण तो एकाला मिळतो, उशिरा मिळतो, आणि कशासाठी मिळाला ते कोणाला कळत नाही. त्याऐवजी "काल तुम्ही कडेचा धागा लक्षात आणून दिला म्हणून अख्खा लॉट वाचला", हे त्याच मागाजवळ, दुसऱ्याच दिवशी सांगा.

---

हुतात्मा एक्सप्रेस

मॅडम, ह्याच्याशी पूर्ण सहमत. आमच्या टीम लीडने एकदा ग्राहकाची मेल सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती, मी लिहिलेल्या कोडमुळे त्यांच्या दवाखान्यातली रांग कमी झाली म्हणून. मला त्या वर्षीची पगारवाढ आठवत नाही, ती मेल आठवते.

---

सात रस्ता

मला पगारवाढ आठवते. प्रत्येकाचं वेगळं असतं. घरात एकच कमावणारा असेल तर कौतुकाने किराणा भरत नाही. दोन्ही द्या.

---

अक्कलकोट रोडकर

सात रस्ता, मान्य. दोन्ही.

सगळं वाचून, कागदावर उतरवून मालकांशी बोललो. दोन बैठका झाल्या, एकात आवाजही चढले. काय ठरलं ते सांगतो.

ॲप रद्द. तो खर्च मशीन दुरुस्ती आणि सुपरवायझरांच्या शिकण्याकडे वळवला. प्रत्येक विभागात एक फळा लागेल. सांगितलं काय, करणार कोण, कधीपर्यंत, आणि नाही होणार तर कारण. मालकांचा पहिला आक्षेप असा की फळ्यावर सगळे पगारच लिहितील. मी म्हटलं, लिहू देत, आपण पगाराबद्दल काय ठरवलंय ते पण लिहू. त्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग हो म्हणाले.

फळा मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत राहील. आजवर आमच्या नोटिसा इंग्रजीत लागायच्या आणि खाली मराठीत दोन ओळी. मागावरचे निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, रंगाईत अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे आहेत. शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाळी बदलताना जॉबर मोठ्याने वाचून दाखवेल. उर्दूचं एका बाईंनी सुचवलंय, तेही करतोय.

बीमचा पुठ्ठा धोटादादांकडून जसाच्या तसा घेतला. आमचं सायझिंग आवारातच केलं जातं, त्यामुळे बहाणा चालणार नाही. खरेदीदाराकडून आलेली तक्रार आणि शाबासकी दोन्ही आता मागापर्यंत जातील. परत आलेला टॉवेल हातात घेऊन विणकराला दाखवायचा, विचारायचं की हे कसं झालं असेल. पहिला प्रयोग झालाय. एका जुन्या विणकराने टॉवेल उलटा करून धाग्याचा फासा बघितला आणि सांगितलं की हा दोष मागाचा नाही, शिअरिंगला, म्हणजे फासे कातरताना ओढला गेलाय. आमच्या गुणवत्ता विभागाने तोवर मागावर दंड लावून टाकला होता. तो दंड परत दिला.

कार्यसमितीचं प्रकरण अवघड गेलं. समिती कागदावर होती, नावंही होती, त्यातले काही जण नोकरी सोडून गेलेले. नवी निवड कामगारांनी करायची, व्यवस्थापनाने नावं सुचवायची नाहीत, इथपर्यंत मालक आले. पॅकिंगमधल्या बायकांपैकी किमान दोघी असतील. कंत्राटी कामगारांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कामगारमित्र, तुम्ही म्हणता ते मी तसंच मांडलं. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. मी फळ्यावर तेच लिहिणार आहे, तारखेसकट.

---

कामगारमित्र

तारखेसकट लिहा. आणि समितीच्या पहिल्या बैठकीला मालक स्वतः बसू देत, प्रतिनिधी पाठवला तर लोक ओळखतात.

---

शिलाईवाली

रोडकर दादा, पाण्याच्या दिवसांची यादी करताना पत्त्यावरून करू नका. कागदावर माहेरचा नाहीतर जुना पत्ता असतो. बाईला विचारूनच लिहा. आणि ज्या हद्दवाढ भागात राहतात त्यांचं वेळापत्रक आणखी वेगळं आणि सारखं बदलणारं असतं, त्यांना आदल्या रात्री निरोप द्यायची सोय ठेवा. एक फोन नंबर पुरे, पण तो उचलला गेला पाहिजे.

---

होटगी रोड

उशिरा वाचलं. मी एका डाइंग युनिटमध्ये पाळी इन्चार्ज आहे. फळे, पुठ्ठे सगळं चांगलं आहे, पण तुमच्या रंगाई विभागाचं कोणी बोललंच नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश, वर पत्रा, आत वाफ. दुपारी दोननंतर माणूस हिशेबात राहत नाही. चुकीची रंगछटा त्याच वेळात निघते, आणि अपघातही तेव्हाच होतात. आम्ही उन्हाळ्यात जड लॉट पहाटेच्या पाळीत घेतो, दुपारी नमुने आणि साफसफाई. ताक दोनदा देतो, आणि दर तासाला दहा मिनिटं बाहेर सावलीत बसणं सक्तीचं. सक्तीचं यासाठी की आपण होऊन कोणी उठत नाही, बाजूचा काय म्हणेल म्हणून.

---

अक्कलकोट रोडकर

ह्याच आठवड्यात रंगाईच्या लोकांसोबत बसतो. जड लॉट पहाटे घ्यायचे तर बॉयलर किती वाजता पेटवता? आमचा बॉयलरवाला सहाला येतो.

---

होटगी रोड

साडेचारला. दोन बॉयलर अटेंडंट आलटून पालटून, दोघेही परवानाधारक. पहाटेच्या पाळीला वेगळा भत्ता आहे. आणि त्यांना आणायला गाडी पाठवतो, कारण त्या वेळी बस नसते. आधी त्यांना विचारा कोणाला ती वेळ सोयीची आहे, आमच्यात एकाने स्वतःहून मागून घेतली, दुपारी त्याला शेतावर जाता येतं.